मूर्तिजापूरच्या पुढे

आमच्या घरात निजानीज झाली तरी शांतता अशी कधी होत नसे. बडनेऱ्याच्या यार्डाला लागून रेल्वेचे क्वार्टर होते, त्यातल्या शेवटच्या ओळीत आम्ही राहायचो. मालगाडीचे डबे एकमेकांना भिडले की फळीवरची भांडी किणकिणायची, आणि आई पोळी लाटता लाटता मान वर न करता म्हणायची, "पॅसेंजरले आज टाइम हाय." बाबा पॉइंट्समन होते. गाडी ज्या रुळावर घ्यायची त्याचे सांधे जुळवायचे, हे त्यांचं काम. ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची, त्यामुळे घरात कोणीतरी नेहमी झोपलेलं असे आणि बाकीच्यांनी हळू बोलायचं असे. मला वाटतं, म्हणूनच माझं आणि दादाचं जे काही खरं बोलणं झालं ते सगळं सायकलवर झालं. तिथं मोठ्यानं बोलायला मोकळीक होती. वाऱ्यावरून ओरडून बोलावं लागायचं, आणि ओरडून बोलताना माणूस लपवाछपवी करत नाही.

दादा म्हणजे प्रकाश, माझा मोठा भाऊ. बारीक, उंच, मान जराशी पुढे काढून चालणारा. बाबांची काळी उंच सायकल त्यानं आपलीच करून टाकली होती, आणि मी अमरावतीला कॉलेजात जायला लागले तेव्हा माझ्यासाठी एक जुनी लेडीज सायकल त्यानंच शोधून आणली. पहिले काही दिवस तो माझ्यासोबत कॉलेजच्या फाटकापर्यंत यायचा. मग एके सकाळी म्हणाला, "आता तू जाय एकटी. तुह्या मांगं मांगं येऊन मलेच दम लागते." आमच्या ओळीतली एकही मुलगी तेव्हा सायकलनं अमरावतीला जात नव्हती. शेजारच्या बाया आईला ते सुनवायच्या, आणि आई त्यांना ऐकून न ऐकल्यासारखं करून घरात आली की आमच्यावर चिडायची.

अजिंठ्याचं वेड दादाचं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्या शेजारी त्यानं एका जुन्या कॅलेंडरमधलं लेण्याचं चित्र कापून चिकटवलं होतं. हातात कमळ धरलेला, डोळे खाली झुकलेला तो चेहरा. दादाला नोकरीचा हुकूम आला आणि मृगाच्या सुमाराला त्याला दूरच्या गावी रुजू व्हायचं ठरलं, तेव्हा त्यानं जाहीर केलं की त्याआधी सायकलनं अजिंठा पाहून यायचा. अकोला, खामगाव, बुलडाणा, मग अजिंठा. मुक्काम ठिकठिकाणी बाबांच्या ओळखीच्या माणसांकडे. आणि सोबत मी.

"पोट्टीले कावून नेतं?" आई म्हणाली.

"ते माह्यापेक्षा चांगली चालवते."

"लोक काय म्हणतीन?"

"लोक काय सायकल चालवणार हायेत काय आई? चालवणार तं आमी हाओत."

बाबा तेव्हा पायातले बूट काढत बसले होते. ते आमच्या घरातलं शेवटचं कोर्ट. त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली आणि म्हणाले, "जाऊ दे तिले. पोरीनं बी पाहावं काही." एवढंच. मी आत जाऊन पाण्याच्या रांजणाला टेकून उभी राहिले आणि हसू दाबत राहिले, हे मला आजही स्वच्छ आठवतं.

उन्हाचं कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. वऱ्हाडातल्या माणसाला ऊन शिकवावं लागत नाही. पण माझी परीक्षा त्याआधी संपत नव्हती आणि दादाची नोकरी त्यानंतर थांबत नव्हती. म्हणून ठरलं असं, की झुंजुमुंजू व्हायच्या आत निघायचं, ऊन चढलं की सावलीला थांबायचं, आणि उन्हं कलली की पुन्हा सायकलवर बसायचं. आईनं दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या केल्या, त्या दोन दिवस खराब होत नाहीत. सोबत लसणाची चटणी, गुळाचा खडा, उकडलेल्या कैरीचा गर मीठ-गूळ घालून एका बाटलीत, आणि दोघांच्या खिशात एकेक पांढरा कांदा, लू लागू नये म्हणून. माझ्या पंजाबी ड्रेसला खिसा नव्हता, तर तिनं आदल्या दुपारी बसून तो शिवून दिला. विरोध होता तरी खिसा तिनं शिवला. निघताना दाराशी येऊन म्हणाली, "पाणी पेत जाजा. तहान लागाची वाट नोका पाहू."

ती सकाळ मी कोणाला फारशी सांगितली नाही, कारण पुढचं ऐकल्यावर लोकांना ती सकाळ नको असते. पण ती होती, आणि ती सुंदर होती. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना काळी नांगरलेली वावरं, त्यांच्या ढेकळांवरून येणारा गारवा. कडुलिंबाचा मोहर गळून रस्त्याच्या कडेला पिवळट सडा पडला होता. दादा गाणी म्हणत होता, अगदी बेसूर. एखादा ट्रक मागून आला की आम्ही कडेच्या मातीत उतरायचो आणि त्याच्या वाऱ्यानं सायकल हलायची. दादा मला अजिंठ्याचं सांगत होता, जणू आधीच पाहून आलाय. आतमध्ये अंधार असतो, आणि एकदम जाऊन काही दिसत नाही; थोडा वेळ उभं राहावं लागतं, मग चित्रं आपणहून पुढे येतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. "आपण लय वेळ उभं राहू," तो ओरडून म्हणाला. "आपल्याले काय घाई हाय?"

हल्ली रविवारी सकाळी अमरावतीच्या आमच्या गल्लीतून सायकलवाल्यांचा एक जथा जातो. डोक्यावर टोप्या, अंगात भडक सदरे, पाठीवर पाण्याच्या पिशव्या, त्यांतून तोंडापर्यंत आलेली नळी. त्यात मुलीही असतात. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी असते. त्या मुली मला हात करतात, मीही करते. मी कधी काळी अशीच सायकलनं निघाले होते हे त्यांना माहीत नाही.

लोणीच्या पुढे दादाच्या मागच्या चाकाचा टायर फाटला. साधं पंक्चर असतं तर आम्हीच काढलं असतं, सगळं सामान जवळ होतं. पण टायरच कडेला उसवला होता. सायकली हातात धरून आम्ही मागे गावात आलो. दुकानवाला एका लग्नाला गेला होता. तो आला, त्यानं टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा लावून दिला, आणि आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो तोवर आमची सकाळ खर्च झाली होती. वारा सुटला होता, तोही पश्चिमेचा, म्हणजे थेट तोंडावर. त्या दिवसांतला आमच्याकडचा वारा गार करत नाही. भट्टीचं दार उघडावं तसा तो अंगावर येतो. सपाट रस्त्यावर चढ चढल्यासारखं पायडल मारावं लागत होतं. दादा पुढे राहिला, मला वारा कमी लागावा म्हणून. मी दोनदा म्हटलं की मी पुढे होते. त्यानं नुसता हात हलवला.

मूर्तिजापूरला पोहोचलो तेव्हा आमच्या चपलांचे तळ तापले होते. आम्ही स्टेशनात गेलो. तिथं बाबांच्या ओळखीचे एक काका होते, त्यांनी आम्हाला पार्सल ऑफिसच्या पंख्याखाली बसवलं, माठातलं पाणी दिलं. आम्ही दशम्यांची पुरचुंडी सोडली. दादानं एकच खाल्ली, तीही अर्धी परत ठेवली. डोकं दुखतंय म्हणाला. मग पाय लांब करून भिंतीला टेकला आणि झोपला. काका म्हणाले, "चार वाजेलोक हालू नोका इथून." आमचाही बेत तोच होता.

पण दुपारी आभाळ आलं. असं आमच्याकडे उन्हाळ्यात होतं. एकदम ढग येतात, ऊन मावळतं, सगळं करडं होऊन जातं. प्लॅटफॉर्मवरची पांढरी आग विझल्यासारखी झाली. दादा उठला होता, तोंड धुऊन आला होता, ताजातवाना दिसत होता. "डोकं उतरलं," म्हणाला. "आता निंगू. सावली सावलीनं कुरणखेडलोक जाऊ, तिथं नदी हाय." काकांनी बाहेर येऊन आभाळ पाहिलं आणि तेही म्हणाले, "आता जमते." मीही पाहिलं. ते आभाळ पाहून कोणीही निघालंच असतं. आयुष्यात मी त्या आभाळाचा फार विचार केला आहे, आणि दर वेळी मला ते तसंच दिसतं, निघायला हरकत नाही असं.

मूर्तिजापूर मागे पडलं आणि ढग फाटले. कुंद उकाडा तसाच राहिला आणि वरून ऊन पुन्हा तापलं. आता दोन्हीकडे झाड नव्हतं. रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं, चाक त्याला चिकटून सुटल्याचा बारीक आवाज येत होता. दादा अजून पुढे होता. त्याचा शर्ट सकाळपासून पाठीला चिकटलेला मी पाहत होते. आता तो कोरडा होऊन फडफडत होता. मला वाटलं, वाऱ्यानं वाळला. घाम यायचा थांबणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं.

मग त्याची सायकल वाकडीतिकडी जाऊ लागली. मी हाक मारली. त्यानं ऐकलं नाही. मी जोर लावून त्याच्या बरोबरीला आले, तर त्याचा चेहरा लालबुंद, ओठ पांढरे, आणि नजर माझ्याकडे असून माझ्यावर नव्हती.

"दादा, थांब. पाणी पे."

"बाजूले हो," तो म्हणाला. "गाडी येऊन राहिली ना!"

मागे पाहिलं तर रस्ता रिकामा होता.

"दादा, मी नंदा."

"ओ बाई, रुळावरून बाजूले व्हा!" तो माझ्यावर खेकसला, बाबा ड्यूटीवर खेकसायचे अगदी तसा. आणि सायकलसकट कडेच्या खडीवर कोसळला.

जवळच एक लहानसा पूल होता, मी त्याला ओढत त्याच्या कठड्याच्या बोटभर सावलीत नेलं. त्याच्या हाताला धरलं तर चुलीवरच्या तव्याला हात लावावा तसं झालं. बाटलीतलं उरलंसुरलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. पाणीही गरमच होतं. तो मधूनच उठायला बघायचा, मला ढकलायचा, पाटी कुठे आहे म्हणून विचारायचा, लहानपणी शाळेत न्यायची ती पाटी. मग ओकला. मी रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. एक ट्रक मला वळसा घालून गेला. दुसऱ्याच्या ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं आणि वेग वाढवला. भर दुपारी, ओढणी सोडून रस्त्यात ओरडणारी मुलगी बघून त्यांना काय वाटलं असेल, ते मी समजू शकते. त्या वेळी नाही समजू शकले. मी दगड उचलला आणि तिसऱ्या गाडीसमोर तो धरून उभी राहिले, फेकेन म्हणून.

तो सोड्याच्या रिकाम्या बाटल्या अकोल्याला घेऊन चाललेला मेटॅडोर होता. ड्रायव्हर पांढऱ्या दाढीचे चाचा. ते शिव्या देत उतरले आणि दादाला बघून त्याच्यापाशी वाकले. "या अल्ला. किसका बच्चा है?" म्हणाले, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्याला खांद्यावर घेऊन मागे गेले. खोकी सरकवून जागा केली. स्वतःच्या पिण्याच्या पाण्याची छागळ माझ्या हातात दिली. "थोडा थोडा छिडकते जाना, बेटी. और बात करते जाना. उसको सोने नको दे." सायकली तिथंच पुलाशी पडून राहिल्या.

तो रस्ता बाटल्यांच्या आवाजाचा होता. शेकडो रिकाम्या बाटल्या खोक्यांत एकसारख्या वाजत होत्या आणि त्यावरून मी ओरडून बोलत होते. काय बोलले? आईबद्दल बोलले, यार्डाबद्दल, कॉलेजबद्दल. अजिंठ्याबद्दल बोलले. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कुरणखेडची नदी आली आणि गेली. पुलाखाली नुसती वाळू आणि मधे एक हिरवट डबकं. बोरगावच्या पुढे त्याला झटके येऊ लागले. मी दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून बसले आणि बोलतच राहिले.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात त्या दिवशी लू लागलेले आणखी कितीतरी होते. ओल्या चादरी, जमिनीवर बर्फाच्या लाद्या, सगळीकडे पाणी. सगळे त्याच्याभोवती धावले. एक तरुण डॉक्टर सारखे त्याचे डोळे उघडून बघत होते. चाचा गेले नाहीत. ते माझ्याजवळ आले आणि विचारलं, घरी कसं कळवायचं. मी म्हटलं, स्टेशनात जाऊन सांगा, बडनेऱ्याच्या पॉइंट्समनचा मुलगा आहे, रेल्वेच्या फोनवर निरोप देतील. ते तसेच बाटल्यांची गाडी घेऊन स्टेशनात गेले. त्यांचं नाव मी विचारलं नाही. नंतर बाबांनी अकोल्यात पुष्कळ शोध घेतला, सापडले नाहीत.

दादाच्या खाटेजवळ एक टेबलफॅन लावला होता, ओल्या चादरीवरून वारा जावा म्हणून. उन्हं खिडकीतून तिरपी आली होती. डॉक्टर सरळ उभे राहिले आणि सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनं वाकून तो पंखा बंद केला आणि उचलून शेजारच्या खाटेपाशी नेला. त्यावरून मला समजलं.

बाबा मालगाडीच्या गार्डच्या डब्यातून आले. अंगात ड्यूटीचेच कपडे. वाटेत त्यांना कोणीतरी सांगितलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही. दादाच्या पायाशी उभे राहिले, त्याचे तळपाय दोन्ही हातांत धरले. दुपारपासून ज्या अंगाला हात लावता येत नव्हता ते आता बर्फानं गार पडलं होतं. "थंडा हाय," बाबा म्हणाले, जणू ताप उतरला अशा आवाजात. मग माझ्याकडे वळले. माझ्या कपड्यांवर दादाची ओकारी वाळली होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तू जेवली काय?" तोपर्यंत मी रडले नव्हते.

आम्ही दादाला घरी आणलं तेव्हा आई दारात उभी होती. यार्डातली सगळी बायामाणसं जमली होती. आई आधी दादाकडे गेली नाही, माझ्याकडे आली, माझ्या खांद्याला धरून मला उजेडात वळवलं, नीट पाहिलं, आणि म्हणाली, "दोघं गेले होते." मग खाली बसली.

त्यानंतर आमच्या घरात कोणी त्या दिवसाबद्दल बोललं नाही. बाहेर मात्र सगळे बोलत. बहिणीची बॅग ओढून दमला म्हणे. ती मागे राहत होती म्हणे. पोरीला नेलंच कशाला. हे ऐकू येत होतं, भिंती पातळ होत्या. बाबा पुन्हा ड्यूटीवर जाऊ लागले. मी बसनं कॉलेजात जाऊ लागले. आई माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. पीठ आण, दार लाव. माझ्याकडे बघायची नाही. मी खोलीत आले की काहीतरी आठवल्यासारखं करून मागे अंगणात जायची. ती माझ्यावर रागावली होती की मला पाहणं तिला सोसत नव्हतं, हे मी तेव्हा ठरवू शकले नाही, आणि आज तिच्या त्या वयाच्या कितीतरी पुढे येऊनही ठरवू शकत नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला. मला कधी कधी वाटायचं, ओरडून सगळं सांगून टाकावं. पण न विचारता सांगायचं कसं?

पुन्हा उन्हाळा लागला. मागच्या वर्षी आमच्याकडे वाळवणाचं काही झालं नव्हतं. या वर्षी आईनं न सांगता गहू भिजत घातले, त्यांचा चीक काढला, आणि एके दिवशी ऊन यायच्या आत अंगणात खाट टाकून तिच्यावर लुगडं पसरलं. शिजलेल्या चिकाचं पातेलं घेऊन आम्ही दोघी बसलो. ती सोऱ्या दाबत होती, पांढऱ्या कुरडया लुगड्यावर गोल गोल पडत होत्या, आणि मी सोऱ्यात चीक भरून देत होते. बाबा आत झोपलेले. यार्डात शंटिंग चाललं होतं. ओळीनं कितीतरी कुरडया पडल्या.

"नंदा," ती म्हणाली. "सांग मले."

"काय?"

"त्या दिसाचं. सकायपासून सांग. काई सोडू नोको."

मी सांगितलं. गाणी सांगितली, टायर सांगितला, अर्धी राहिलेली दशमी सांगितली, आभाळ सांगितलं. वाळलेला शर्ट, ट्रक, दगड, बाटल्या. तिनं मधे एकदाही मला थांबवलं नाही आणि तिचे हातही थांबले नाहीत. पंख्यापर्यंत आले आणि माझं सांगणं संपलं. ऊन अंगणात उतरलं होतं.

हातातली कुरडई तिनं पुरी केली आणि विचारलं, "मले हाक मारली काय त्यानं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिला काय हवं होतं ते मला कळेना. शेवटी जे होतं तेच सांगितलं.

"नाई आई. कोनालेच नाई मारली. मले बी ओयखलं नाई त्यानं."

तेव्हा तिचे हात थांबले. सोऱ्यातून आलेली तार तशीच लोंबत राहिली. तिनं वर्षभरात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हंजे त्याले काई समजलं नाई."

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं पुसलं, आणि सोऱ्या माझ्या हातात दिला.

"दाब," ती म्हणाली. "चीक थंडा झाला तं कुरडई तुटते."